खालचा दोरा

१

घरात तिला उसवणबाई म्हणत. म्हणजे नवरा म्हणायचा, आणि त्याचं ऐकून मुलगीही म्हणायला लागली होती. नाव मात्र चपखल होतं. बाई शिवायची कमी आणि उसवायची जास्त. दोन टाके वाकडे पडले तरी तिला चैन पडत नसे. घेतला टाके उसवायचा रिपर की काढली अख्खी टीप.

"अगं, पांघरायचंय ते, आरशासारखं त्यात तोंड नाही बघायचं," नवरा म्हणायचा. तो बस डेपोत गाड्या दुरुस्त करायचा. त्याच्या मते जे चालतंय ते चांगलं.

"म्हणूनच तुमच्या डेपोतल्या गाड्या रस्त्यात बंद पडतात," ती म्हणायची आणि पुन्हा मान खाली घालायची.

आतल्या खोलीत खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन होतं. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, पडद्यांना दुमड घालायची, यात तिची वर्षं गेली होती. गोधडी मात्र ती पहिल्यांदाच शिवायला बसली होती, आणि त्याला कारण होतं तिची लेक. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून ठरायची नाही. पोरगी पहिलीत गेली तरी रात्री आईच्या कुशीतून हलायला तयार नव्हती. पलीकडची छोटी खोली रंगवून झाली, पलंग मांडून झाला. पण मुंगी तिथे दिवसभर हुंदडायची आणि झोपायची वेळ झाली की उशी बगलेत मारून परत. शेवटी करार झाला. आईने मुंगीच्या लहानपणच्या झबल्यांची, फ्रॉकांची गोधडी शिवायची, आणि गोधडी झाली की मुंगीने एकटीने झोपायचं.

"पण हात दाबायला तू यायचंस," मुंगीने अट घातली.

हा दोघींचा जुना खेळ. झोपताना आई तिचा हात तीनदा दाबायची, आणि मुंगी उलट चारदा दाबायची. शेवटचा शब्द तिचाच असायला हवा ना! बापाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं की दोघी खुदूखुदू हसायच्या.

२

मशीनवर गोधडी शिवणं वाटतं तेवढं सोपं नाही बरं का. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मधे कापसाचा थर, खाली अस्तर, आणि तिघं एका रेषेत चालतील तर शपथ. पहिल्याच दिवशी तिने कडेपासून टिपा मारायला घेतल्या आणि मध्यावर येईपर्यंत कापडाचा हा ढीग गोळा झाला. उसवलं. दुसऱ्या दिवशी मधून सुरुवात केली, तर टाचण्या लांब लांब लावल्यामुळे चुण्या पडल्या. पुन्हा उसवलं. मग टीप वरून रेघ मारल्यासारखी सरळ यायला लागली, आणि उलटून बघते तर खाली दोऱ्याचं जंजाळ.

चुका मोठ्याने बोलायची तिला सवय होती. गोधडीचा भार टेबलावरून खाली लोंबायचा, त्याचा तंबू व्हायचा, आणि त्या तंबूत चटई टाकून मुंगी बसलेली असायची. तिच्या कानावर चार गोष्टी पडाव्यात म्हणून बाई बोलत राहायची.

"कुठे चुकलं सांगू? वरचा दोरा सैल राहिला, म्हणून खाली घोळ झाला. आपल्याला वरचंच दिसतं बाई, खाली काय चाललंय ते उलटल्याशिवाय कळत नाही. पण चूक झाली म्हणून रडायचं नाही. उसवायचं, कुठे चुकलं ते नीट बघायचं, आणि पुन्हा घालायचं."

"उसवायचं आणि पुन्हा घालायचं," तंबूतून आवाज यायचा.

हळूहळू तिचा हात बसला. टिपा सरळ पडायला लागल्या, कापड शहाण्यासारखं सरकायला लागलं. ती खुशीत होती. आणि एका सकाळी, खालचा घोळ संपला का ते बघायला तिने गोधडी उलटली, तर तिथे एक टीप होती जी तिने मारलेली नव्हती.

३

अस्तर साधं, राखाडी चादरीचं. त्यावर तिच्या ओळीत चाललेल्या टिपांना छेदून एक वेडीवाकडी रेघ गेली होती. नवख्या हाताची. कुठे टाका लांबलचक, कुठे एकावर एक तीन बसलेले. तिने कापड खिडकीच्या उजेडात धरलं. रेघ वर जात होती, वळत होती, खाली येत होती, पुन्हा वर जात होती. कागदावर हात ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवतात ना, तसा लहान मुलाचा पंजा होता तो.

तिने गोधडी सुलटी केली. वर त्या जागी एकही टाका नव्हता.

पुन्हा उलटून तिने बोटं मोजली. मग आपल्या हाताची मोजली, आणि परत तिथली. करंगळीच्या पलीकडे आणखी एक बोट होतं.

"तूच मारली असशील टीप," नवरा संध्याकाळी म्हणाला. "डुलकी लागली असेल."

"आणि वरच्या बाजूला?"

"वर... नसेल उमटली."

"असं होतं का रे कधी?"

"मग पोरीचे उद्योग. सुईदोरा घेऊन बसली असेल खाली."

मुंगीला अजून सुईत दोरा ओवता येत नव्हता. हे दोघांनाही माहीत होतं. पण मनाला समजावायचंच ठरवलं की काहीही पुरतं. उद्या बसून उसवून टाकू, म्हणजे झालं, असं म्हणून तिने विषय मिटवला.

सकाळी रिपर घेऊन ती बसली, तर तिचं काम कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं. सहावं बोट गेलं होतं. कापडात उरली होती फक्त सुईची बारीक भोकं, बोटाच्या आकारात ओळीने. कापड उसवलं तरी भोकं राहतात, ती सहजासहजी जात नाहीत. आणि त्यांच्या अलीकडे करंगळीला वळसा घालून नवी रेघ मारलेली होती. आता पंजाला बरोबर पाच बोटं होती, आणि टाके कालच्यापेक्षा कितीतरी सरळ होते.

४

मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांना तिने तेलपाण्याच्या निमित्ताने बोलावलं. काका म्हणजे बोलघेवडा माणूस. मशीन उघडता उघडता त्यांनी स्वतःच्या गुडघेदुखीपासून जावयाच्या घोरण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून फुंकर मारली, चाक फिरवून पाहिलं, चिंधीवर टीप मारून दाखवली.

"मशीन ठणठणीत आहे ताई. तुमचं दुखणं काय?"

"काका, टीप खालीच पडली आणि वर आलीच नाही, असं होतं का?"

काका हसले. "कसं होईल? वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो, खालचा दोरा त्याला अडकवतो, तेव्हा टाका बसतो. एकट्या दोऱ्याचं काम नाही ते. धरायला दुसरा पाहिजे."

तिने गोधडी उलटून त्यांच्या मांडीवर ठेवली. काकांनी चष्मा वर केला, खाली केला. रेघेवरून अंगठा फिरवला. मग सुलट बाजू बघितली. मग पुन्हा उलट.

"हाताची शिवण आहे का ही?" तिने विचारलं.

"नाही. मशीनचाच टाका आहे. चांगला आहे." त्यांनी गोधडी टेबलावर सरकवली. "ताई, या टाक्याला वरून कुणी धरलेलं नाही. मग खालून कशाला धरून राहिलाय तो?"

हा प्रश्न त्यांनी तिला विचारला होता की स्वतःला, कोण जाणे. चहा ठेवलेला होता, तो न घेताच ते निघाले. तेलाची बाटलीही विसरले. ती न्यायला ते पुन्हा आले नाहीत.

५

तुम्ही म्हणाल, बाईने तिथेच थांबायचं की. पण हातात घेतलेलं काम टाकायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. शिवाय मुंगी रोज विचारायची, झाली का, झाली का. आणि दिवसाढवळ्या, बाहेर भाजीवाला ओरडत असताना, कशाला घाबरायचं हेही तिला नीट सांगता आलं नसतं.

ती कोपऱ्यावर आली होती. कोपरा वळवताना दोनदा टाका सुटला, दोनदा उसवला, मग तिसऱ्यांदा जमला.

"बघ, वळताना सुई कापडात रुतवून ठेवायची," ती सवयीने बोलली. "मगच कापड फिरवायचं. सुई वर राहिली की टाका सुटतो."

"सुई रुतवून ठेवायची," तंबूतून आवाज आला.

"शाबास."

पुढची कड अर्धी झाली असेल, तेवढ्यात दाराची बेल वाजली. तिने पॅडलवरचा पाय काढला, जाऊन दार उघडलं. दारात नवरा होता, आणि त्याचं बोट धरून, पाठीला दप्तर लावलेली मुंगी.

"आज शाळा लवकर सुटली," नवरा म्हणाला. "काय गं? अशी काय बघतेस?"

कामाच्या नादात पोरगी शाळेत गेलीये हेच ती विसरली होती. धावत आत जाऊन तिने टेबलाखाली लोंबणारं कापड उचललं. कुणी नव्हतं. चटई होती, मुंगीची बाहुली होती, आणि चटईवर दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे पडले होते, उसवल्यावर पडतात तसे.

जेवताना तिने आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "मुंगे, तू खाली बसून कुणाशी बोलतेस?"

"मी नाही बोलत. ती नुसती शिकते."

"कोण ती?"

मुंगीने खांदे उडवले. "तूच शिकवतेस ना तिला. मी फक्त हात लावून बसते. तिला माप लागतं."

"कसलं माप?"

"माझं," मुंगी म्हणाली आणि ताटातले मटार एका बाजूला काढायला लागली.

६

त्या दुपारी तिने गोधडी पूर्ण पसरली आणि उलट बाजू पाहिली. पंजाच्या पुढे मनगट आलं होतं, कोपर आलं होतं. मानेचा बाक होता, गुडघा होता. कानाची जागा आधी चुकली होती. खाली भोकं तशीच होती, आणि बोटभर वर कान पुन्हा घातला होता, या वेळी बरोबर. एका कुशीवर पाय पोटाशी घेऊन झोपलेलं मूल होतं ते. मुंगी अशीच झोपते. फक्त पावलं व्हायची राहिली होती.

जाळून टाकावी असं मनात आलं, काडेपेटीही हातात घेतली. पण कापडावर पोरीचा आकार होता. तो जाळायला तिचा हात धजेना. तिने गोधडीची घट्ट वळकटी केली, दोरीने बांधली आणि कपाटात सगळ्यात वर कोंबून कुलूप लावलं. मशीनची वायर काढून ठेवली.

"माझी आहे ती!" मुंगीने घर डोक्यावर घेतलं.

"अजून कच्ची आहे," ती म्हणाली. "तू माझ्याजवळच झोप." आजवर जी सवय मोडायला ती झटत होती, त्यासाठीच ती आता पोरीला विनवत होती.

पुढे दोन-तीनदा कपाटातून खट्, खट् असा आवाज आला. मशीनचं चाक हाताने हळूहळू फिरवलं की सुई असाच आवाज करते. नवऱ्यानेही ऐकला. लाकूड फुगलं असेल, म्हणाला. मशीन तिच्या डोळ्यांसमोर बंद होतं. लाकूडच असेल, तिने स्वतःला बजावलं.

मग मुंगीला ताप भरला. सकाळपासून पोरगी फणफणली होती. नवऱ्याने रजा टाकली, आणि दुपारी औषध संपलं म्हणून बाई कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानात ही गर्दी. परत आली तेव्हा घर शांत होतं, आणि नवरा स्वयंपाकघरात पाणी तापवत गुणगुणत होता.

"झोपली बघ," तो म्हणाला. "थंडीने कुडकुडत होती बिचारी. घरातली सगळी पांघरुणं घातली तरी थांबेना. शेवटी किल्ली शोधून तुझी गोधडी काढली कपाटातून. काय ऊब आहे गं तिला! आणि तू म्हणे कच्ची आहे. चांगली पुरी झालीये की, कडाबिडांसकट."

तिने कडा पुऱ्या केलेल्याच नव्हत्या.

औषधाची पिशवी तिच्या हातातून पडली. धावत जाऊन तिने पलंगावरची गोधडी ओढून काढली, आतल्या खोलीत मशीनवर फेकली आणि परत येऊन पोरीला छातीशी धरलं. कपाळ गार होतं. श्वास संथ होता.

"उतरला ना ताप?" नवरा दारातून म्हणाला. "उगाच घाबरतेस."

तिच्या जिवात जीव आला. ती रडलीसुद्धा थोडी, आणि त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

७

नवरा पुन्हा स्वयंपाकघरात गेला. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. थोड्या वेळाने मुंगीने डोळे उघडले आणि ती गोड हसली. बाईने तिचा हात हातात घेतला.

करंगळीच्या बाहेरच्या बाजूला काहीतरी खरखरीत लागलं. तिने हात उजेडात धरला. कातडीवर बारीक भोकं होती. ओळीने, गोलाकार, आणखी एक बोट मावेल एवढ्या जागेत.

डास चावले असतील. चादरीचा वळ असेल. तापात पुरळ उठतंच. एवढी सगळी कारणं तिने भराभर गोळा केली आणि त्यातल्या एकावरही तिचा विश्वास बसला नाही. मग तिने तो हात तीनदा दाबला.

हाताने उलट दाबलं. एक, दोन, तीन.

ती थांबली. एवढं ती आयुष्यात कशासाठी थांबली नव्हती. चौथा आला नाही.

"चुकलं का, आई?" मुलीने विचारलं. आवाज मुंगीचाच होता. पण मुंगीने असं कधीच विचारलं नसतं. तिला चूक दाखवली की ती फुरंगटून बसायची.

बाई उठली. आपण चालतोय की नाही हेही तिला कळत नव्हतं. आतल्या खोलीत मशीनवर गोधडी उलटी पडली होती. आकार पुरा झाला होता. पावलं आली होती, त्यांना दहा बोटं होती, आणि टाके असे की तिला स्वतःला इतके सुबक कधी जमले नव्हते. पंजाच्या जागी कापड किंचित फुगलेलं होतं. तिने त्यावर आपला हात ठेवला. कापड तापलेलं होतं. सकाळी मुंगीचा हात होता ना, तेवढंच.

तिने तीनदा दाबलं.

तळव्याखाली काहीतरी हललं. एक. दोन. तीन. आणि जरा थांबून, रोजच्यासारखा हट्टाने, चौथा.

"आले गं बाळा," ती पुटपुटली. "आले. थांब." आयुष्यभर जे केलं त्यासाठी हात आपसूक रिपरकडे गेला. तिने टोक करंगळीच्या टाक्याखाली सरकवलं आणि उचकटलं. दोरा तटकन तुटला.

"आई गं!"

ती वळली. दारात मुलगी उभी होती. अनवाणी, केस विस्कटलेले, एका हाताने दुसऱ्या हाताची करंगळी घट्ट धरलेली. ओठ थरथरत होते, डोळे भरून आले होते. मुंगी रडायच्या आधी अशीच दिसते.

"दुखतं, आई," ती म्हणाली. "नको ना उसवू."

कुठल्या आईचा हात पुढे गेला असता? रिपर तिथेच थांबला. आणि दुसऱ्या तळव्याखाली कापड पुन्हा दाबायला लागलं, घाईघाईने, चारदा, चारदा, पुन्हा चारदा.

स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते. हाक मारली असती तर नवरा आला असता. त्याला तरी काय सांगायचं होतं?

मुलगी जवळ आली. गोधडीवर ठेवलेल्या आईच्या हाताकडे ती बघत राहिली. टाका कुठे सुटला ते बघावं, तशी नीट, मन लावून. बघता बघता तिचं रडं थांबलं. तिने बाहीने डोळे पुसले. मग रिपर धरलेला आईचा हात तिने आपल्या हातात घेतला आणि ओठांतल्या ओठांत मोजत हळूच दाबला. एक. दोन. तीन. जरा थांबून, चार.

"कळलं मला कुठे चुकलं ते," ती म्हणाली. "आता बरोबर आहे ना, आई?"